नकलेलाही अक्कल लागते

मागच्या अंकात या सदरात आम्ही बेसमेंटमधल्या सम्प पंपाबद्दल लिहिलं होतं. त्यावर तीन फोन आले. त्यातले दोन, ‘तुमच्या ओळखीचा चांगला प्लंबर आहे का?’ हे विचारायला होते. तिसरा फोन मंडळाच्या एका ज्येष्ठ काकूंचा. काकू म्हणाल्या, ‘‘पंपाचं झालं ते ठीक, आता जरा कॉम्प्युटरबद्दल लिहा. हे निवृत्त झाल्यापासून आमचं सगळं घर त्या डब्यात भरून ठेवतायत.’’ आम्ही म्हटलं, ‘‘लिहितो की. बॅकअपबद्दलच लिहितो.’’ काकूंचा उत्साह मावळलेला फोनवरूनसुद्धा ऐकू आला. ‘‘ते होय? ते सगळेच सांगतात हो. करतं कोण?’’

काकूंचा मुद्दा बिनतोड आहे. दातांचा डॉक्टर दर सहा महिन्यांनी ‘रोज दोऱ्यानं दात साफ करता ना?’ असं विचारतो आणि आपण दर सहा महिन्यांनी ‘हो, म्हणजे बहुतेक रोज’ असं सांगतो. बॅकअपचंही तसंच. आम्हीही दोन-अडीच वर्षांपूर्वीपर्यंत ‘बहुतेक’वाल्यांतच होतो. त्याचं काय झालं ते आज सांगायचं आहे.

आमचा पोटापाण्याचा धंदा पाण्याचाच. गावाला पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेचं डिझाइन करायचं काम. या कामात पहिल्याच महिन्यात साहेब शिकवतो, की जिथे एक पंप पुरतो तिथे दोन बसवायचे. एक चालतो, दुसरा नुसता उभा. पैसे देणारी नगरपालिका दर वेळी विचारते, ‘हा दुसरा कशाला?’ आणि आम्ही दर वेळी तेच उत्तर देतो, की पहिला बंद पडणार आहे, प्रश्न फक्त कधी एवढाच. दुसरी गोष्ट म्हणजे तो उभा असलेला पंप पाळीपाळीनं चालवून बघायचा. वर्षभर नुसता उभा राहिलेला पंप ऐन वेळी चालतोच असं नाही. बेअरिंग धरतं, सील सुकतं. आणि दोन्ही पंप शक्यतो एकाच विजेच्या लाइनवर ठेवायचे नाहीत. हे सगळं लोकांना सांगून आम्ही वीसेक वर्षं पगार घेतोय. आणि घरी? घरी सगळं काही एका डिस्कवर. सौ.च्या भाषेत, ‘लोकांच्या घरी पुरणपोळी आणि आपल्या घरी कालचा भात.’

त्या डिस्कवर काय होतं? २००४ पासूनचे फोटो. मुलांच्या बारशाचे व्हिडिओ. टॅक्सचे कागद, घराच्या कर्जाचे कागद, ग्रीन कार्डाच्या अर्जाची जाडजूड फाइल. मंडळाच्या दोन एकांकिकांच्या संहिता, ज्यांतली एक फारच वाईट होती आणि तिचे लेखक आम्हीच होतो. आणि आईची सात रेकॉर्डिंग्ज.

२०१६ च्या उन्हाळ्यात आई सहा महिने आमच्याकडे होती. मुलगी तेव्हा चौथीत. शाळेनं काम दिलं, की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्या, दहा मिनिटं पुरे. मुलीनं कॉम्प्युटरला माइक लावला, आजीला समोर बसवलं आणि ‘आजी, तू लहान असताना काय झालं?’ असा मोघम प्रश्न टाकला. आई बोलायला लागली ती सहा तास बोलली. एका बैठकीत नव्हे. रोज दुपारचा चहा झाला की दोघी बेसमेंटमध्ये जायच्या. मुलीचं मराठी आणि आईचं इंग्रजी यांची गाठ वाटेत कुठेतरी पडायची. दहा मिनिटांचं काम शाळेत देऊन झालं, मार्कही मिळाले, तरी बैठका चालू राहिल्या. आम्ही ऑफिसातून आलो की जिन्यावरूनच हसण्याचे आवाज ऐकू यायचे. खाली जाऊन बसावं असं रोज वाटायचं. पण रेकॉर्ड होतंय ना, मग सावकाश ऐकू, असं म्हणून आम्ही वरच टी.व्ही. लावायचो.

त्यातलं एक रेकॉर्डिंग पानशेतचं. १२ जुलै १९६१. आई दहा वर्षांची, राहायला नारायण पेठेत नदीच्या बाजूला. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, आणि पाणी पुण्यात शिरलं. आईच्या वडिलांनी सगळ्यांना घेऊन पर्वतीचा रस्ता धरला. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा मातीच्या भिंतींचा तो वाडा उरलाच नव्हता. नुसता चिखल आणि वासे. एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात घरातले सगळे कागद आणि फोटो. ती शेवटपर्यंत मिळाली नाही. त्यामुळे आमच्या आजोळी १९६१ च्या आधीचा एकही फोटो नाही. आईची आजी कशी दिसायची हे आम्हाला माहीत नाही, आणि आता ते सांगणारं कोणी उरलेलंही नाही.

आजोबांनी यातून एक धडा घेतला. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटसाठी, जन्मदाखल्यांसाठी त्यांना वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. कागद हातात पडले तेव्हा त्यांनी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून प्रत्येकाच्या दोन-दोन नकला करवून घेतल्या, त्यांवर ‘खरी नक्कल’ असा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही घेतली. अस्सल कागद घरात, एक नक्कल ऑफिसच्या कपाटात, आणि एक साताऱ्याला थोरल्या भावाकडे. साताऱ्याचे आजोबा चिडवायचे म्हणे, ‘‘अरे, साताऱ्याला कुठलं धरण फुटतंय?’’ त्यावर आजोबांचं उत्तर, ‘‘म्हणूनच तुझ्याकडे ठेवतोय.’’

आई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. ते दिवस कसे होते हे इथल्या वाचकांना सांगायला नको. अंत्यदर्शन आम्ही फोनच्या पडद्यावर घेतलं. त्यानंतर ती रेकॉर्डिंग्ज उघडायचा धीरच झाला नाही. आहेत ना, असू देत, असं म्हणत दोन वर्षं गेली. २०२३ साली गणपतीच्या आधीच्या शनिवारी सौ. म्हणाली, ‘‘आईंनी उकडीचं प्रमाण सांगितलंय बघ एका रेकॉर्डिंगमध्ये. पाचव्यात बहुतेक. लाव ना.’’ आम्ही बेसमेंटमध्ये गेलो, कॉम्प्युटर सुरू केला. आतून आवाज आला, टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. मग टक् टक् टक्, घड्याळजीच्या दुकानात ऐकू येतं तसं.

इथे जरा थांबून हा आवाज कशाचा ते सांगितलं पाहिजे. हार्ड डिस्क म्हणजे एका डब्यात गोल फिरणाऱ्या आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे. तबकडीवर एक बारीकसा वाचक, त्याला हेड म्हणतात, तबकडीला न टेकता तरंगत असतो. तरंगतो किती उंचीवर? काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड, यावरून कल्पना करा. १९५६ साली आय.बी.एम.नं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरं मावायची. म्हणजे आजच्या फोनमधला एखादा फोटो. तेव्हापासून तत्त्व तेच, फक्त सगळं बारीक होत गेलं. हेडला आपली जागा सापडली नाही की तो मागे जातो, पुन्हा येतो, पुन्हा मागे जातो. तोच हा टक् टक् आवाज. हेड वाकलेलं असलं तर प्रत्येक टक् म्हणजे तबकडीवर एक ओरखडा, आणि जिथे ओरखडा तिथला मजकूर कायमचा पुसला. म्हणून असा आवाज आला तर एकच करायचं, वीज बंद. पुन्हा चालू करून बघायचं नाही.

आम्ही अकरा वेळा चालू करून बघितला.

मग ओळखीच्यांना फोन. आपल्या मंडळात चारांतले तीन इंजिनिअर, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. एकानं सांगितलं, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, सकाळी तासभर चालते. हा उपाय पूर्वी फार प्रसिद्ध होता. हल्लीच्या डिस्कांना तो अपायच करतो, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि त्या काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर. हे आम्हाला त्या दिवशी नीट माहीत नव्हतं. वाचलो ते केवळ फ्रीजरमध्ये जागा नव्हती म्हणून. मोदकांसाठी खवलेल्या नारळाच्या सहा पिशव्या होत्या, आणि सौ.नं ‘त्यातली एकही हलणार नाही’ असं बजावलं.

शेवटी दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेकडे डिस्क पाठवली. अशा ठिकाणी धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडून, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवून वाचण्याचा प्रयत्न करतात. आम्हाला चौदाशे डॉलरचा अंदाज आला. तीन आठवड्यांनी फोन आला. बाई फार सौम्य आवाजात बोलत होत्या, तेव्हाच कळलं. फोटो दोनतृतीयांश मिळाले. टॅक्सचे कागद एकूण एक सुखरूप. सरकारचं देणं कुठल्याही प्रलयातून वाचतं. आमची ती वाईट एकांकिकाही वाचली. आईच्या सातांपैकी एका रेकॉर्डिंगची सुरुवातीची चार मिनिटं मिळाली. त्या चार मिनिटांत आई बहुतेक वेळ विचारते आहे, ‘‘हे चालू आहे का गं? मग लाल दिवा का दिसत नाही?’’

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. आमच्याकडे बॅकअप होता! २०१४ साली थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये एक बाहेरून जोडायची डिस्क घेतली होती, कॉम्प्युटरला कायमची जोडलेली होती, तिचा निळा दिवा रोज लुकलुकत असे. तो दिवा बघून आम्ही निर्धास्त. प्रयोगशाळेचा फोन आल्यावर ती डिस्क मोठ्या आशेनं उघडली, तर तिच्यातली शेवटची फाइल मार्च २०१५ ची. त्या महिन्यात डिस्क भरली होती आणि बॅकअपचं काम थांबलं होतं. तसा निरोपही कॉम्प्युटर बिचारा पडद्याच्या कोपऱ्यात दर आठवड्याला दाखवत होता आणि आम्ही तो दर आठवड्याला बंद करत होतो. उभा असलेला पंप आठ वर्षांत एकदाही चालवून बघितला नव्हता.

आपण एकटेच असे गाढव नाही, हे कळलं की माणसाला बरं वाटतं. म्हणून आम्ही शोधाशोध केली. ‘टॉय स्टोरी २’ हा मुलांचा चित्रपट तयार होत असताना, १९९८ साली, कोणीतरी चुकून फाइली पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा बहुतांश भाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. बॅकअप काढायला गेले तर तो बरेच दिवस नीट होतच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. त्या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा सांभाळत, मोटारीतून स्टुडिओत आणला. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर तसाच प्रकार केला. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक नाही, पाच तऱ्हा होत्या, आणि ऐन वेळी त्यांतली एकही नीट चालेना. बॅकअप होत नाही, असं सांगणाऱ्या ई-मेलसुद्धा वाटेतच अडकत होत्या. सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीनं लाज राखली. त्या कंपनीनं हे सगळं जगजाहीर लिहून टाकलं, त्याबद्दल आम्हाला तिचं कौतुक वाटतं. आम्हाला तर हे मंडळाच्या अंकात लिहायला दोन वर्षं लागली.

आता पुढची गोष्ट. त्या डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो. ताईकडे जेवणं झाल्यावर हा सगळा प्रकार सांगितला. ताई उठली, आतून आईची हळदीकुंकवाची चांदीची कोयरी ठेवलेला डबा घेऊन आली. त्यात खाली, सुपारीच्या पुडीशेजारी, एक पेन ड्राइव्ह. ‘‘हे तुझंच असेल बघ. आई अमेरिकेतून येताना पर्समध्ये घेऊन आली होती. मामाला ऐकवायचं म्हणत होती. मामाकडे कॉम्प्युटर कुठला? राहूनच गेलं.’’ त्यावर दोन रेकॉर्डिंग्ज होती. एक पानशेतचं आणि एक आईच्या शाळेतल्या नोकरीचं. नातीकडून तिनंच ती भरून घेतली होती. आम्हाला पत्ताही नव्हता. म्हणजे इंजिनिअर मुलाला वीस वर्षांत जमलं नाही ते आईनं पर्समधून नेलं. वडिलांचीच मुलगी ती.

उरलेली गेली. बाबांशी लग्न कसं ठरलं, ते गेलं. उकडीचं प्रमाण गेलं. एका रेकॉर्डिंगमध्ये काय होतं हे मुलीलाही आठवत नाही, आम्ही तर ऐकलंच नव्हतं.

हे नकलांचं प्रकरण आपल्याकडे जुनंच आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ लिहिलं. पुढे देवगिरीवर उत्तरेकडून स्वाऱ्या झाल्या, त्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग हिराइसांसारख्या अनुयायांना जे पाठ होतं त्यावरून ते पुन्हा उभं करावं लागलं. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ आपल्याला मिळाला तो कोणाच्या तरी पाठांतरामुळे. पुढे महानुभावांनी पोथ्या जपण्यासाठी सांकेतिक लिप्या काढल्या, त्यांतली सकळ लिपी प्रसिद्ध. पोथ्या जपल्या गेल्या खऱ्या, पण पंथाबाहेरच्यांना त्या वाचताच येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीचा उलगडा झाला तेव्हा कुठे आत काय आहे ते लोकांना कळलं. हे सांगायचं कारण म्हणजे हल्ली बॅकअपला पासवर्ड घालतात. तो जरूर घालावा. पण आपल्यामागे तो घरात कोणाला तरी माहीत असावा, नाहीतर मुलांना राजवाडे-भावे शोधत फिरावं लागेल.

तर आम्ही आता काय करतो? पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं ३-२-१ असा एक सोपा हिशेब लोकप्रिय केला. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. अस्सल, ऑफिसचं कपाट आणि सातारा. आजोबांना हे १९६२ मध्येच माहीत होतं, फक्त त्यांनी त्याला आकडे लावले नाहीत.

अस्सल प्रत घरच्या कॉम्प्युटरवर. दुसरी बाहेरून जोडायच्या डिस्कवर. यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको; मॅकवर टाइम मशीन आहे, विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे. आम्ही दोन डिस्का घेतल्यात आणि त्या आलटूनपालटून वापरतो. काम झालं की डिस्क काढून कपाटात. सतत जोडून ठेवायची नाही, याला कारण आहे. २०१३ पासून खंडणीवाल्या व्हायरसांचा सुळसुळाट झाला. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’नं तर ब्रिटनमधल्या इस्पितळांचं काम ठप्प केलं होतं. हे व्हायरस तुमच्या फाइलींना कुलूप घालतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. कॉम्प्युटरला जोडलेली डिस्क दिसली की तिलाही कुलूप. शिवाय वीज पडली तर दोन्ही एकदम जायचं. दोन पंप, एकच लाइन.

तिसरी प्रत पैसे भरून क्लाउडवर. इथे एक गैरसमज फार आहे. ‘आमचे फोटो आपोआप क्लाउडवर जातात, मग वेगळा बॅकअप कशाला?’ असं निम्मे लोक म्हणतात. पण ती बहुधा बॅकअपची नाही, जुळवून ठेवण्याची सोय असते. फोनमध्ये नातवानं फोटो पुसला की तो थोड्या दिवसांनी तिकडूनही जातो, आरशातलं प्रतिबिंब जावं तसा. बॅकअप तो, जो तुमची चूक तुमच्याबरोबर करत नाही. आणि आई-वडिलांची खाती हा तर वेगळाच विषय. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला गुगलनं डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. कोणी गेलं की त्यांचं खातं उघडायचं धाडस होत नाही, आम्हाला रेकॉर्डिंगचं झालं तसंच. पण त्यांच्या खात्यात पत्रं, फोटो असतील तर ते वेळेत उतरवून घ्या. रडायचं नंतर सावकाश रडता येतं.

लॅपटॉपवाल्यांना एक सूचना. नव्या लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नसते, एस.एस.डी. असते. ती धक्क्यानं बिघडत नाही, वेगवानही असते. पण जायची वेळ आली की टक् टक् वगैरे काही न करता एका सकाळी मुकाट जाते, आणि तिच्यातून पुसलेलं परत मिळवणं प्रयोगशाळेलाही फार अवघड. आमच्या डिस्कनं निदान आवाज तरी केला.

मराठी फाइलींची तऱ्हा आणखी निराळी. मंडळाचे १९९० च्या दशकातले अंक पेजमेकरमध्ये, त्या वेळच्या मराठी फाँटमध्ये केलेले आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या सीड्या आमच्याकडे आल्या. सीड्या उघडल्या, फाइली दिसल्या, आणि आत मराठीच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी. कारण युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फाँटवाल्याचा ‘क’ निराळ्या घरात बसायचा. तो फाँट नाही तर तो मजकूर नाही. म्हणजे नक्कल सुरक्षित आणि तरी वाचता येत नाही. सकळ लिपीच म्हणायची. तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या कविता, नाटकं, वडिलांचे लेख अशा फाँटमध्ये आहेत त्यांनी ते उघडतायत तोवर पीडीएफ करून ठेवावेत, आणि सवड झाली तर युनिकोडमध्ये आणावेत. छापलेला कागद असेल तर तो टाकू नका. कागदाला फाँट लागत नाही. त्या अंकांचे छापील गठ्ठे मंडळाच्या एका जुन्या अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये निघाले, आता ते स्कॅन करायचं काम चाललंय. मदतीला माणसं हवी आहेत, रविवारी दुपारी. चहा आमचा.

खर्चाचं विचाराल तर दोन डिस्का आणि वर्षाची क्लाउडची वर्गणी मिळून प्रयोगशाळेच्या बिलाच्या पावपटही झाला नाही. वेळ महिन्यातून अर्धा तास. महिन्याचा पहिला रविवार त्यासाठी ठरवून टाकलाय, सौ. त्याला ‘कॉम्प्युटरचं अभ्यंग’ म्हणते. एक तिसरी डिस्कही आहे. ती भारतात जाताना बॅगेत, चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या बाटल्यांच्या मध्ये बसवून नेतो आणि ताईच्या कपाटात ठेवतो, आधीची परत आणतो. ताईच्या सासूबाई विचारतात, ‘‘दर वेळी हा डबा नेतो काय, आणतो काय, आहे काय त्यात?’’ त्यात त्यांच्या विहीणबाई आहेत, हे सांगितल्यावर त्यांनी तो डबा देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात हलवला.

आणि पंप चालवून बघायचं काम मुलीकडे दिलंय. ती आता कॉलेजात असते. पहिल्या रविवारी फोन करून कुठल्यातरी वर्षाचं आणि महिन्याचं नाव घेते, आणि आम्ही बॅकअपच्या डिस्कवरून त्या महिन्यातली एक फाइल काढून, उघडून तिला पाठवायची. उघडली तर पास. तिचा आमच्या शब्दावर विश्वास नाही, आणि तो का नाही हे आम्हाला माहीत आहे. गेल्या रविवारी तिनं ‘ऑक्टोबर २००९’ सांगितलं. निघाली ती वॉटर हीटरची पावती, सहा वर्षांच्या गॅरंटीसकट. उघडली.